तोंडात तेल धरून

आप्पांनी सफरचंदाचा लचका तोडला, चावता चावता सहज हातातल्या फळाकडे पाहिलं, आणि त्यांचं चावणं थांबलं. पांढऱ्या गरावर दातांचे ठसे होते आणि ठशांच्या कडेने लाल रेघ.

आप्पा पाणीपुरवठा कार्यालयात तक्रार विभागाचे अधीक्षक. कुठे काही गळतंय असं कुणी सांगितलं की आधी ते साफ नाकारायचं, हा त्या विभागाचा शिरस्ता. त्याला धरून त्यांनी आधी सफरचंदावर संशय घेतला. फळ फिरवून दुसऱ्या बाजूने चावलं. तिथेही तोच प्रकार. मग नाइलाजाने बॅटरी घेऊन ते आरशासमोर गेले, बोटाने ओठ वर केला आणि जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या हिरड्या नीट पाहिल्या. दृश्य काही चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं.

खरं म्हणजे अशा वेळी पाठीमागून आवाज यायचा. "काय झालं? बघू, आ करा." आवाज आला की आप्पा "काही नाही" म्हणायचे, मग आ करायचे, मग बोलणी खायचे, आणि पुढचं सगळं आपोआप व्हायचं. जेवणानंतर कोमट मिठाचं पाणी समोर यायचं. ब्रशचे केस पिंजारले की नवा ब्रश हजर व्हायचा. निजायच्या आधी "दात घासले का?" हा प्रश्न यायचा. निवृत्तीला टेकलेल्या माणसाला असं विचारतात का, यावर आप्पा रोज कुरकुरायचे आणि रोज दात घासायचे. आता तो प्रश्न विचारणारी बायको लेकीकडे गेली होती. लेक विमानाने जावं लागेल इतक्या लांब राहायची, तिला मूल झालं होतं, आणि त्या मुलापुढे आप्पांच्या दातांची काय मातब्बरी! पहिला आठवडा आप्पांनी हे स्वातंत्र्य मजेत उपभोगलं. दुसऱ्या आठवड्यात घर खायला उठलं. पेल्यात तिचा जुना ब्रश कोरडा उभा होता. तो त्यांनी हलवला नाही.

परतीचं तिकीट पुढच्या महिन्याचं होतं. तोवर हिरड्या ठणठणीत करायच्या आणि तिला पत्ताही लागू द्यायचा नाही, असं आप्पांनी ठरवलं. कळलं असतं तर तिने आधी काळजी केली असती आणि मग जन्मभर ऐकवलं असतं. शिवाय जाताना दारात तिने "तुमचं कसं होणार?" असं विचारलं, तेव्हा आप्पांनी "माझं काय व्हायचंय?" असं ऐटीत सांगितलं होतं. त्यांना खरं तर दुसरंच काही सांगायचं होतं. पण टॅक्सीवाला घाई करत होता.

गुपित ठेवायचं म्हणून त्यांनी ते फक्त शेजारच्या मास्तरांना सांगितलं. मास्तर शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. त्यांचे सगळे दात शाबूत होते आणि ते दाखवायची त्यांना हौस होती. संध्याकाळपर्यंत अख्ख्या इमारतीला आप्पांच्या हिरड्या माहीत झाल्या. जिन्यात भेटणारी माणसं पूर्वी "काय आप्पा, बरं आहे ना?" असं विचारून पुढे जायची. आता ती थांबून तोंडाकडे बघू लागली. तळमजल्यावरच्या नर्सबाई म्हणाल्या, "मऊ ब्रश घ्या, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा आणि एकदा दाताच्या डॉक्टरकडे जाऊन या." सल्ला इतका सरळ होता की कुणी तो मनावर घेतला नाही. आप्पांनी एकदा पाणी तापवून पाहिलं. पण स्वतःच तापवायचं, स्वतःच मीठ घालायचं आणि वर स्वतःवरच कुरकुरायचं, हे काही जमेना. भांडायला समोर कुणी नसलं की गुळण्यांनाही चव राहत नाही.

मग ऑफिसातून सल्ले येऊ लागले. शिपायाने लवंग सांगितली. हिशेब खात्यातल्या बाईंनी हळद सांगितली. आवक-जावक पाहणाऱ्याने डाळिंबाची साल आणि तुरटी सांगितली. प्रत्येकाच्या घरात एक तरी आजोबा निघाले, जे त्या औषधाच्या जोरावर शेवटपर्यंत दातांनी अक्रोड फोडत होते. इतक्या अक्रोडफोड्या आजोबांचं म्हणणं मोडायचं कसं? आप्पांनी सगळंच सुरू केलं.

लवंगेने जीभ बधिर झाली. तुरटीने गाल आतून आखडले. हळदीने हिरड्यांचं काय केलं ते कळायला मार्ग नव्हता, दात मात्र पिवळेधमक झाले. त्याच सकाळी एक बाई तक्रार घेऊन आल्या. नळाला पिवळं पाणी येतंय, असं त्यांचं म्हणणं. आप्पांनी शिरस्त्याप्रमाणे मान मागे टेकवली आणि तोंड उघडलं. "बाई, आमचं पाणी अगदी स्वच्छ असतं." बाई त्यांच्या दातांकडे बघत राहिल्या. मग आवाज एकदम मऊ करून म्हणाल्या, "तुमच्याकडेही तेच येतं वाटतं." आणि तक्रार न नोंदवता, उलट आप्पांनाच धीर देऊन निघून गेल्या. विभागाच्या इतिहासात असं कधी घडलं नव्हतं. आप्पा दिवसभर ओठ मिटून बसले.

हे सगळं बायकोला सांगावंसं वाटलं. ती पोट धरून हसली असती. तिचं हसणं आधी नाकातून सुरू होई आणि मग तिला खाली बसावं लागे. पण सांगायचं तर हिरड्यांपासून सांगावं लागलं असतं, म्हणून आप्पांनी तेही गिळलं.

फोन रोज सकाळी यायचा. सुरुवातीला व्हिडिओवर बोलून पाहिलं होतं, पण तिला आप्पांचं फक्त कपाळ आणि वरचा पंखा दिसायचा. "पंखा पुसा," एवढंच बोलणं व्हायचं. तेव्हापासून साधाच फोन. आप्पा उजाडल्यापासून फोनजवळ बसून असायचे. वाजला की लगेच उचलायचे नाहीत. दोनदा वाजू द्यायचे, म्हणजे आपण कामात होतो असं वाटावं. मग ती विचारायची, जेवता का, झोपता का, कपडे इस्त्रीला दिले का. आप्पा प्रत्येकाला "हं" म्हणायचे. फोन ठेवल्यावर त्यांना एकेक गोष्ट आठवायची. गॅलरीतल्या जास्वंदीला कळी आली होती. तिच्या बाजूची उशी त्यांनी उन्हात घातली होती. उद्या सांगू म्हणून ते मनाशी घोकून ठेवायचे आणि उद्या पुन्हा "हं" म्हणायचे.

दरम्यान पेरूच्या कोवळ्या पानांचा शोध लागला. ती चावली की हिरड्या आवळतात, असं मास्तर म्हणाले. पेरूचं झाड सोसायटीच्या आवारातच होतं. आप्पा पिशवी घेऊन खाली उतरले, आणि पहिल्याच फांदीला हात घातला तोच मागे सेक्रेटरी उभे राहिले. हे गृहस्थ मूळचे विमा कंपनीतले. माणूस समोर दिसला की तो कुठल्या कलमात बसतो, हे ते आधी बघायचे.

"आप्पा, पानं तोडताय?"

"कोवळी तेवढीच. चावायला."

"झाड सामाईक आहे."

"झाड कुठे नेतोय मी? चार पानं तर आहेत."

"पानं सामाईक आणि हिरड्या खाजगी. सामाईक वस्तू खाजगी कामाला लावायची तर समितीसमोर यायला हवं. तुम्ही अर्ज द्या, आपण विचार करू."

हे शेवटचं वाक्य आप्पांनी नोकरीभर लोकांना ऐकवलं होतं. ते ऐकायला इतकं वाईट लागतं, हे त्यांना आज कळलं. तरी त्यांनी अर्ज दिला. अर्ज शेरा मारून परत आला. उपचार वरच्या जबड्यासाठी आहे की खालच्या, आणि पाहुण्यांनाही पानं लागणार का, याचा खुलासा हवा होता. आप्पांनी खुलासा केला. शेवटी समितीने उदार मनाने परवानगी दिली, ती फक्त खाली पडलेल्या पानांची. आप्पा रोज सकाळी झाडाखाली वाकून वाळकी पानं वेचू लागले. येणारेजाणारे त्यांना झाडलोटीबद्दल शाबासकी देऊन जात. ती पानं, डाळिंबाची साल आणि तुरटी एकत्र उकळून जो काढा व्हायचा, त्याने दोन पातेली कायमची काळी झाली. हिरड्या होत्या तशाच राहिल्या.

"आता गंडूष," मास्तर म्हणाले. म्हणजे सकाळी उठून तिळाचं तेल तोंडात भरायचं आणि चांगला पाव तास धरून ठेवायचं. "बोलायचं नाही. गिळायचं तर मुळीच नाही, सगळं विष पोटात जाईल. आणि मध्येच थुंकलात तर आजवरचं सगळं फुकट." न बोलण्याची अट ऐकून आप्पांना हे औषध आपल्याचसाठी निघालंय असं वाटलं. त्यांनी ते निष्ठेने सुरू केलं. तेल कुठे टाकायचं ते मास्तरांनी सांगितलं नाही आणि आप्पांनी विचारलं नाही. ते रोज बेसिनमध्ये टाकत गेले. त्याच बेसिनमध्ये काढ्याचा गाळ होता, हळद होती, लवंगेची बोंडं होती. एका सकाळी बेसिन तुंबलं. पाणीपुरवठा अधीक्षकाच्या घरात पाणी तुंबलं ही बातमी बाहेर फुटू नये म्हणून आप्पांनी ऑफिसातल्या कुणाला न बोलावता कोपऱ्यावरचा प्लंबर बोलावला.

प्लंबर उत्साही होता. त्याने बेसिनखालची नळी काढली. ती स्वयंपाकघरातल्या मोरीला जाऊन मिळते म्हणून तिथलीही काढली. मग न्हाणीघराच्या दारात आपली हत्यारं पसरून तो स्वतः आत पालथा झोपला आणि जाळीत हात घालून म्हणाला, "यात काय काय गेलंय हो साहेब? हे तर लोणच्यासारखं झालंय. आता मी म्हणेपर्यंत कुठेही काही टाकू नका." आप्पांनी मान डोलावली. तोंडात तेल होतं, आणि पाव तास होत आला होता.

तेवढ्यात फोन वाजला. दोनदा वाजू दिला. न उचलावा तर ती घाबरेल, म्हणून उचलला.

"अहो, ऐकताय ना?" बायकोचा आवाज रोजच्यापेक्षा हळू होता. "एक विचारायचं होतं. लेक म्हणते, बाळ वर्षाचं होईपर्यंत राहा. तिला पुन्हा कामावर जायचंय, परक्यापाशी ठेवायला जीव धजत नाही म्हणते. तिकीट पुढे ढकलता येतं. म्हटलं, तुम्हाला विचारून सांगते."

वर्षाचं म्हणजे अजून कितीतरी महिने. त्यांनी जोरात मान हलवली. नाही, नाही, नाही. साध्या फोनवर हलवलेली मान पलीकडे दिसत नाही, हे लक्षात यायला थोडा वेळ लागला. मग ते थुंकायला धावले. बेसिनखाली उघडं भोक होतं. मोरीखाली बादली नव्हती. न्हाणीघरात प्लंबर होता. ते गॅलरीत गेले आणि कठड्यावरून वाकले. बरोबर खाली, वर तोंड करून, पेरूची पानं न्याहाळत सेक्रेटरी उभे होते.

"अहो? काहीतरी बोला ना."

आप्पांनी तेल गिळायचा विचार केला. मास्तरांचं विष आठवलं, तरी धीर करून एक घोट घेतला, आणि त्यांना असा ठसका लागला की उरलेलं तेल नाकाकडे निघालं. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड दाबलं. फोन गालाखाली धरलेला, डोळ्यांतून पाणी, आणि पलीकडे ती थांबलेली. बराच वेळ थांबलेली.

"बरं," ती म्हणाली. "मग राहते मी. तुम्हाला चालणार असेल तर माझं काय." आणि फोन बंद झाला.

प्लंबरने "झालं" म्हणताच आप्पांनी तेल टाकलं, तोंड पुसलं आणि लगेच उलट फोन लावला. तो लेकीने उचलला. "बाबा, आई म्हणाली, तुम्ही एका शब्दाने नको म्हणाला नाहीत. मला खात्रीच होती. सगळे म्हणतात बाप मायाळू असावा तर असा. तुम्ही एकटे राहणार आमच्यासाठी…" लेक रडायलाच लागली. मागे बाळही रडत होतं. आप्पांच्या तोंडात आता थेंबभर तेल नव्हतं. तरी ते "हं" म्हणाले आणि फोन ठेवला.

त्यानंतर आप्पांना बरं व्हायची घाई राहिली नाही. पाव दुधात बुडवून ते स्वयंपाकघरात उभ्यानेच खायचे. ताट वाढून बसायचं कुणासाठी? नर्सबाईंनी सांगितलेला मऊ ब्रश आणायला ते दुकानात गेले. कुठला रंग देऊ, असं दुकानदाराने विचारलं तेव्हा आपला रंग कुठला हे त्यांना सांगता येईना. आजवर ती दोन आणायची आणि एक त्यांच्या हातात द्यायची. त्यांनी दोन घेतले. ऑफिसात लोक गळक्या नळांबद्दल बोलायचे आणि आप्पा शिरस्ता सोडून लगेच मान्य करायचे. सकाळचा फोन यायचा, पण तीही आता थोडक्यात आवरती घ्यायची. इस्त्रीचं विचारेनाशी झाली होती. आप्पांना वाटायचं, रमली तिकडे. रमावंच माणसाने. आणि मग दिवसभर काही गिळवायचं नाही.

एका सकाळी गाल सुजून डोळा बारीक झाला. मास्तरांनी कोरफड सुचवली. आप्पांनी त्यांचं ऐकून घेतलं आणि दाताच्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली.

बाईंनी तोंडात आरसा घातला आणि विचारलं, "काय काय लावलंत?" आप्पांनी सांगितलं. त्या लिहिता लिहिता थांबल्या. "अख्खा मसाल्याचा डबाच फिरवलात की. लवंग काय, हळद काय, वाईट नाही हो. पण दातांवर थर बसलाय, दगडासारखा. तो काढल्याशिवाय वरून काहीही लावा, हिरडी धरणार नाही. आज मी साफ करते. घरी दोन वेळा हलक्या हाताने घासायचं, दातांच्या फटीत दोरा फिरवायचा आणि रोज मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. पण यात खंड पडता कामा नये. घरी आठवण करून देणारं कुणी आहे ना?"

"आहे," आप्पा म्हणाले. "म्हणजे होती. म्हणजे… आहे, पण सध्या नाही." पुढचं बोलता आलं नाही. बाईंना वाटलं दुखतंय. त्यांनी एक इंजेक्शन जास्त दिलं.

काम संपवून आप्पा बाहेरच्या खोलीत बाकावर बसले. तोंड कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं, याचा त्यांना पत्ता नव्हता. तेवढ्यात फोन वाजला. तिचाच. ही तिची वेळ नव्हती. आप्पांनी पहिल्याच घंटेला उचलला.

"अहो, तिकीट बदलायला बसलोय. जावई म्हणतात आजच बदलायला हवं. म्हटलं, शेवटचं एकदा विचारून घ्यावं."

आप्पांनी बोलायला सुरुवात केली. बाहेर जे आलं ते कुठल्याच भाषेत नव्हतं. त्यांनी पुन्हा जोर लावला. हनुवटीवरून लाळ ओघळली, आवाज फाटला.

"अहो, तुम्ही रडताय?"

इंजेक्शन आहे, असं त्यांना सांगायचं होतं. पण तोंड पुसायला हात वर नेला तर डोळेही ओले लागले. मग त्यांनी तो खुलासा सोडून दिला. जड जिभेने, एकेक शब्द ढकलत, ते सगळं सांगू लागले. हिरड्या, हळद, ती तक्रारवाली बाई, पेरूची पानं, बेसिन, खाली उभे असलेले सेक्रेटरी. बाकावरची माणसं मासिकं बाजूला ठेवून ऐकत होती. आप्पांची सगळी अब्रू त्या खोलीत पसरली होती आणि त्यांना तिची काही पडली नव्हती. दुसऱ्या कुणाला त्यातलं धड काही कळलं नसतं. पण तिने इतकी वर्षं नुसत्या "हं"वरून संसार केला होता. ती मध्येच नाकातून हसली.

मग तिचं हसणं थांबलं. "मी विचारलं होतं ना," ती म्हणाली, "ते तुम्ही नको म्हणावं म्हणून विचारलं होतं. लेकीला माझ्या तोंडाने नाही कसं म्हणू? म्हटलं, तुमच्यावर ढकलू. आणि तुम्ही गप्प. मला वाटलं, यांचं माझ्यावाचून काही अडत नाही. त्या दिवशी बाळाच्या दुपट्यात तोंड घालून किती रडले मी."

"थोंडात थेल होतं गं," आप्पा म्हणाले.

"त्या दिवशी तेल होतं. आणि इतकी वर्षं काय होतं तोंडात?"

आप्पांनी तोंड पुसलं. "तू ये," ते म्हणाले. "मला करमत नाही तुझ्याशिवाय."

"काय म्हणालात? नीट ऐकू नाही आलं."

आप्पांनी पुन्हा सांगितलं, मोठ्याने. टेबलामागच्या मुलीने मान वर केली.

"नाही हो ऐकू आलं."

आप्पांनी तिसऱ्यांदा सांगितलं. पलीकडून हुंदक्यासारखं आणि हसण्यासारखं काहीतरी येत होतं, आणि आपला आवाज तिकडे पहिल्यापासून अगदी स्वच्छ पोचतोय हे त्यांना कळून चुकलं. शेजारचा माणूस त्यांना जागा करून देत जरा सरकला. आप्पा नीट टेकून बसले, आणि ती "ऐकू नाही आलं" म्हणत राहिली तोवर सांगत राहिले.